तिखाडी : दुसऱ्यांच्या नावावर वाढलेलं गवत

दिवाळीच्या आसपास तुम्ही कधी वाशीम जिल्ह्यात आलात, कारंज्याहून मंगरुळपीरकडे किंवा मालेगावहून पातूरच्या घाटाकडे निघालात, तर रस्त्याच्या कडेच्या बरड टेकड्यांवर एक उंच गवत उभं दिसेल. माणसाच्या डोक्याएवढं, कुठे त्याहूनही वर. तांबूस तुरे, उन्हात तांब्याच्या भांड्यासारखे चमकणारे. गाडी थांबवून कोणी बघत नाही. गवतच ते, त्यात काय बघायचं! आमच्याकडे त्याला तिखाडी म्हणतात. खानदेशात रोशा, हिंदी मुलखात रूसा.

माझा एक जुना विद्यार्थी आता स्वतः मास्तर आहे. त्याच्या वर्गातल्या पोरांनी गावाभोवतालच्या वनस्पतींची यादी केली. त्यात झाडं बावीस, वेली सात आणि शेवटी एक ओळ, 'गवत'. बस. त्यानं मला फोन करून विचारलं, "गुरुजी, गवताला नावं असतात ना हो?" असतात की! आणि या एका गवताला तर इतकी नावं आहेत, आणि त्यातली बहुतेक इतकी चुकीची आहेत, की त्या नावांचा शोध घेता घेता माझे दोन उन्हाळे गेले. मी वनस्पतिशास्त्राचा माणूस नाही. मराठी माध्यमातून बी.ए. झालो, इतिहास आणि मराठी शिकवलं. त्यामुळे हा लेखही इतिहासाचाच आहे, फक्त त्यात राजाच्या जागी गवत आहे.

आधी ओळख करून घेऊ. तिखाडी बहुवर्षायु आहे. म्हणजे वरचा भाग उन्हाळ्यात वाळतो, जळतो, कापला जातो. पण जमिनीतला थोंब जिवंत राहतो आणि मृगाच्या पावसाबरोबर पुन्हा फुटतो. एकेका थोंबातून अनेक काड्या निघतात. ओळखायची खूण पानाच्या बुडाशी आहे. बहुतेक गवतांचं पान काडीपासून सरळ बाजूला निघतं. तिखाडीचं पान बुडाशी रुंद, बदामाच्या आकाराचं असतं आणि काडीला दोन्ही बाजूंनी कवटाळून बसतं. पान गुळगुळीत, चांगलं बोटभर रुंद, किंचित निळसर झाक असलेलं. दुसरी खूण नाकाची. पान चुरडून हुंगावं, गुलाबासारखा आणि त्यात थोडा आल्यासारखा वास येतो. चावून पाहिलं तर जीभ चुरचुरते. 'तिखाडी' हे नाव त्यावरूनच पडलं असावं असं मला वाटतं.

गवती चहाशी हिचं नातं अगदी जवळचं आहे, चुलत बहिणीच म्हणा. पण गवती चहाची पानं अरुंद, लांब आणि वाकलेली असतात, आणि त्याला तुरा क्वचितच येतो, वास लिंबाचा. वाळ्याचा सुगंध मुळांत असतो, पानांत नाही. आणि कुसळीचं काय विचारता, ती धोतराला चिकटली की स्वतःच आपली ओळख करून देते! तिखाडीला तसली टोचरी कुसळं नाहीत.

आता नावांकडे वळतो.

संस्कृतात या सुगंधी गवताला रोहिष किंवा रौहिष म्हणतात. रोशा आणि रूसा हे त्याचेच झिजलेले बोली अवतार. वैद्यमंडळी रोहिष म्हणजे हेच, किंवा याच्या अगदी जवळचं गवत, असं धरून चालतात. अमरकोशात रौहिषाच्या शेजारी आणखी काही नावं दिली आहेत. एक आहे सौगंधिक, म्हणजे सुवासिक. एक आहे देवजग्धक, म्हणजे देवांनी खाल्लेलं. आणि त्याच रांगेत, त्याच गवतासाठी, कत्तृण! 'कत्' म्हणजे कुत्सित, वाईट. वाईट गवत. पाणिनीनं तर या शब्दासाठी वेगळं सूत्रच रचलं आहे. 'कु'चं 'कत्' होतं ते गवताच्या एका विशिष्ट जातीचं नाव असेल तेव्हा. नुसतं एखादं निकृष्ट गवत म्हणायचं असेल तर नाही. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या आसपास 'वाईट गवत' हे कोणा एका गवताचं ठरलेलं, पक्कं नाव झालेलं होतं. देवांनी खाल्लेलं आणि तरी वाईट. हा विरोधाभास कुठून आला? मला वाटतं, ज्यानं नाव दिलं त्याच्या कामावरून. अत्तरवाल्यासाठी सौगंधिक, गुराख्यासाठी कत्तृण. कारण कोवळं असताना गुरं त्याला तोंड लावतात, पण जून झालं, त्यात तेल भरलं, की नाक मुरडून पुढे जातात. आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या गायकीनं मला हेच आपल्या भाषेत सांगितलं होतं : "गुर्जी, तिखाडी ढोराच्या कामाची नाई. ते माणसाच्या कामाची हाय."

इंग्रजी अमदानीत या गवताला शास्त्रीय नाव मिळालं, तेही एका फ्रेंच माणसाचं. क्लॉड मार्टिन हा फ्रान्समधल्या लिऑनचा. इंग्रजांच्या कंपनीत नोकरीला लागला, लखनौला प्रचंड पैसा केला आणि मेजर जनरल झाला. ला मार्टिनियर नावाच्या प्रसिद्ध शाळा त्याच्याच मृत्युपत्रातून उभ्या राहिल्या. टिपू सुलतानाशी झालेल्या १७९०-९२ च्या युद्धात तो कॉर्नवॉलिसबरोबर दक्षिणेत होता. तिथे बालाघाटच्या उंच प्रदेशात त्यानं हे गवत पाहिलं, बी गोळा केलं, लखनौला लावलं आणि थोडं कलकत्त्याला रॉक्सबर्गकडे धाडलं. विल्यम रॉक्सबर्ग १७९३ पासून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख होता. त्यानं मार्टिनची आठवण म्हणून गवताला 'मार्टिनी' हे नाव जोडलं. आजही शास्त्रीय नाव आहे सिम्बोपोगॉन मार्टिनी.

इथे आमच्या भागातल्या वाचकांना एक इशारा. वऱ्हाडाचे जुने दोन भाग आहेत, पूर्णेच्या खोऱ्यातला पाईनघाट आणि वरचा बालाघाट. आपलं वाशीम बालाघाटात येतं. त्यामुळे 'बालाघाटात सापडलेलं गवत' असं वाचून छाती फुगवू नका. मार्टिनचा बालाघाट हा म्हैसूरच्या वाटेवरचा, कर्नाटक-आंध्राकडचा घाटमाथा. आपला नव्हे, आणि मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हाही नव्हे. घाटाच्या वरचा मुलूख तो बालाघाट, असे बालाघाट देशात पुष्कळ.

रॉक्सबर्गनं मार्टिनचं एक निरीक्षणही नोंदवलं आहे. गुरं हे गवत अधाशासारखी खातात, आणि मग त्यांच्या मांसाला, दुधाला, लोण्यालासुद्धा त्याचा वास येतो. हे आमच्या गायकीच्या अगदी उलट झालं! दोघंही खरं बोलत असतील असं मला वाटतं. मार्टिननं पाहिली ती लष्कराची जनावरं होती. हजारो बैल, शेकडो मैलांची चाल, वाटेवरचं रान आधीच्या फौजेनं चरून संपवलेलं. उपाशी बैल काय काय खातो हे ज्यानं १९७२ चा दुष्काळ पाहिला त्याला सांगायला नको. त्या वर्षी आमच्याकडे ढोरांनी छपरांचं जुनं गवत ओढून खाल्लेलं मी पाहिलं आहे.

पुढची गंमत १८७१ सालची. ऑस्कर याकोबसेन नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं या जातीच्या भारतीय गवताच्या तेलातून त्यातला मुख्य सुगंधी घटक शुद्ध रूपात वेगळा काढला. त्याचं नाव पडलं जिरॅनिऑल. का? तर हे तेल युरोपच्या बाजारात 'इंडियन जिरेनियम ऑइल' म्हणून विकलं जात होतं. वास जिरेनियमच्या फुलझाडासारखा, म्हणून व्यापाऱ्यांनी नाव तेच ठेवलं. म्हणजे बघा, पदार्थ निघाला आमच्या गवतातून आणि त्याला नाव मिळालं दुसऱ्याच झाडाचं. आज जगातल्या साबणांत, अत्तरांत, क्रीममध्ये जिरॅनिऑल असतो. वेष्टणावरच्या बारीक अक्षरांत हा शब्द तुम्हाला सापडेल. त्यात गवताचा मागमूसही नाही.

शास्त्रज्ञांच्या वह्यांतही बराच काळ घोळ होता. अरबस्तानात उंटांच्या वाटेवर वाढणारं एक सुगंधी गवत आहे, युनानी हकीम त्याला इज़खिर म्हणतात. आपला रोशा म्हणजे तेच, असं समजून अनेक ग्रंथांत दोघांची एकच नोंद झाली. हा गुंता ऑटो स्टाफ या क्यू उद्यानातल्या विद्वानानं १९०६ साली सोडवला. भारत आणि सिलोनमधल्या तेलगवतांवर त्यानं एक सविस्तर प्रबंध लिहिला आणि प्रत्येकीला आपापलं घर दिलं.

पण सर्वांत मोठा बनाव तुर्कस्तानच्या वाटेवर झाला, आणि या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत आवडणारा भाग तोच आहे. एकोणिसाव्या शतकात जगात गुलाबाचं उत्तम अत्तर बल्गेरियातून येई, काझानलिकच्या खोऱ्यातून. तेव्हा तो मुलूख तुर्की सुलतानाच्या ताब्यात होता. गुलाबाचं तेल सोन्याच्या भावाचं; हजारो किलो पाकळ्यांतून जेमतेम किलोभर निघणारं. इकडे खानदेशातल्या सातपुड्याच्या पायथ्याशी आणि पिंपळनेर-नंदुरबारच्या डोंगरांत रोशाच्या भट्ट्या लागत. ते तेल मुंबईला येई, मुंबईहून तांबड्या समुद्रातल्या बंदरांत आणि तिथून कॉन्स्टँटिनोपलला. तुर्क त्याला 'इद्रिस याघी' म्हणत. तिथे त्यावर लिंबाच्या रसाचा आणि डिंकाच्या पाण्याचा संस्कार होई, मग उन्हात ठेवून त्याचा रंग फिका करत. मग ते गुलाबाच्या तेलात मिसळायचं! काही हुशार मंडळी तर ऊर्ध्वपातनाच्या आधीच पाकळ्यांवर हे तेल शिंपडत. नंतर कोण ओळखणार? रसायनाच्या दृष्टीनं बघितलं तर ही चोरी पकडणं अवघड होतं, कारण खऱ्या गुलाबाच्या तेलातही जिरॅनिऑल असतोच. लंडन-पॅरिसच्या बायकांनी रुमालावर लावलेल्या 'तुर्की गुलाबा'त खानदेशातल्या भिल्लांनी कापलेल्या गवताचा वाटा किती होता याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

भट्टीची रीत सोपी होती. ओढ्याकाठी चूल, कारण पाणी भरपूर लागतं. त्यावर लोखंडाची किंवा तांब्याची मोठी देग. तुऱ्यावर आलेलं गवत कापून, देगीत दाबून भरायचं, पाणी घालायचं, झाकणाच्या फटी लिंपायच्या. झाकणातून निघालेली बांबूची नळी दुसऱ्या भांड्यात, आणि ते भांडं वाहत्या थंड पाण्यात बुडवलेलं. वाफ नळीतून जाते, थंड होते, पाण्यावर तेल तरंगतं, ते निथळून घ्यायचं. क्विंटलभर गवतातून अर्धा किलो तेल निघालं तरी चांगलं. कापणी तुरा फुलल्यावर आणि बी पिकायच्या आत साधावी लागे, म्हणजे पावसाळ्याच्या अखेरीपासून दोन-अडीच महिन्यांचा हंगाम.

यातही दोन प्रकार. मोतिया आणि सोफिया. मोतिया उघड्या, कोरड्या, उन्हाच्या उतारावर वेगवेगळ्या थोंबांनी वाढतो. त्याच्या तेलाला गुलाबाचा वास, जिरॅनिऑल जास्त, भावही जास्त. सोफिया ओलाव्याच्या, दाटीच्या जागी. त्याच्या तेलाला आल्याची झाक, भाव कमी. दिसायला दोन्ही इतकी सारखी की गवत वाळल्यावर जाणकारही गोंधळतो. भट्टीवाला दोन्ही एकत्र भरी आणि वरून कधी घासलेट, कधी टर्पेंटाइन मिसळे. ज्या तेलानं गुलाबात भेसळ करायची त्या तेलातच भेसळ! असो. पुढे लखनौच्या केंद्रीय संस्थेनं मोतियाचे निवडक वाण काढले, तृष्णा, वैष्णवी वगैरे, आणि शेतात लागवड होऊ लागली. आज बाजारात हे तेल 'पामारोझा' या नावानं मिळतं. आणखी एक परकं नाव.

आता प्रश्न असा की आमच्या वाशीमला या सगळ्यातून काय मिळालं. खरं सांगायचं तर तेलाच्या व्यापारात वाशीमचं नाव खानदेशाइतकं कधीच नव्हतं. आमच्या टेकड्यांवर तिखाडी होती ती छपरांसाठी. माझ्या लहानपणी, म्हणजे पन्नास-साठच्या दशकात, कौलं आणि टिनं ही पाटलाच्या, सावकाराच्या घरावर. बाकी गाव गवताखाली. दिवाळी झाली की तिखाडी कापायची, पेंढ्या बांधायच्या, आणि पुढच्या पावसाळ्याच्या आधी घर, कोठा, वावरातली खोपडी शाकारायची. काडी लांब आणि चिवट, पाणी झरझर उतरतं, आणि वाळवीही लवकर लागत नाही असं जुनी माणसं सांगत. नव्या शाकारलेल्या घरात पहिल्या पावसाला एक ओला सुगंध दरवळे. अत्तराचा पत्ता आम्हाला नव्हता, पण झोपत आम्ही त्याच्याखालीच होतो.

छपराच्या गवतावरून लमाणांची आठवण होते. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं मोठं श्रद्धास्थान, देशभरातून लोक येतात. रेल्वे येण्यापूर्वी या मुलखातलं धान्य, मीठ, कापूस लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जाई. मोगल फौजांना दक्षिणेत रसद पुरवणारेही तेच. शहाजहानच्या काळात आसफखानानं भंगी आणि जंगी या दोन नायकांना सनद दिली आणि तिच्यात वाटेवरच्या घरांच्या छपराचं गवतसुद्धा घ्यायची मुभा होती, असं परंपरा सांगते. सनदेचा मजकूर दंतकथेत किती आणि इतिहासात किती हा वाद बाजूला ठेवू. पण त्या मागणीतून एक गोष्ट कळते. तेव्हाची वाहतूक गवतावर चालत होती. आज डिझेल जसं, तसं तेव्हा गवत. एका तांड्यात हजारो बैल, ते रोज कुठेतरी चरायलाच हवेत. गावागावांच्या मधली मोकळी कुरणं म्हणजे त्या काळचे पेट्रोलपंपच होते म्हणा ना.

१८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं (१८६१-६५), मँचेस्टरला कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली. कुरणं नांगरली जाऊ लागली. लमाणांचे बैल थांबले. जे गवत एका अर्थव्यवस्थेचं इंधन होतं ते एका पिढीत 'रिकामी जागा' झालं.

इंग्रज मात्र हिशेबी. त्यांनी वऱ्हाडातल्या जंगलांचे वर्ग पाडले. 'अ' वर्ग लाकडासाठी, 'ब' वर्ग गवतासाठी आणि 'क' वर्ग चराईसाठी. 'ब' वर्गातल्या गवती राखणीला रमणा म्हणत. हा जुनाच शब्द, राजेरजवाड्यांच्या राखीव कुरणाचा. सरकारी दप्तरात गवताला स्वतःचा वर्ग मिळाला ही गोष्ट मला लहान वाटत नाही. त्याच अक्षरांच्या भाषेतला एक शब्द आमच्याकडे अजून जिवंत आहे : ई-क्लास. बाकी महाराष्ट्र गायरान म्हणतो, आम्ही वऱ्हाडी ई-क्लास म्हणतो. सरकारी मालकीची, पण गावच्या गुरांना चरायला राखलेली जमीन. आमच्या गावातल्या निरक्षर म्हातारीलाही हा शब्द ठाऊक असतो. इंग्रजी आहे हे तिला माहीत नसतं!

त्या ई-क्लासचं काय झालं, हा सरळ प्रश्न नाही. कुणी म्हणेल अतिक्रमणांनी खाल्ली. पण ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही त्यानं जायचं कुठे? कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारो माणसं तुरुंगात गेली. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यांची मागणी न्याय्यच होती. माझ्या वर्गात अशा जमिनीवर वाढलेली पोरं बसत. त्या जमिनीनं त्यांची फी भरली, त्यांच्यातले काही आज अधिकारी आहेत. त्यामुळे 'अतिक्रमण' हा शब्द मी सर्रास वापरत नाही. दुसऱ्या बाजूला दांडग्या लोकांनी, आधीच पन्नास एकर असलेल्यांनी, धुरा सरकवत सरकवत किती ई-क्लास पोटात घातली हेही गाव जाणतं. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये, पंजाबातल्या एका खटल्यात, गावच्या सामायिक जमिनींवरची बेकायदा अतिक्रमणं हटवायला सर्व राज्यांना सांगितलं आणि त्याच निकालात भूमिहीनांना दिलेल्या पट्ट्यांसारखे अपवाद ठेवले. मला तो भेद महत्त्वाचा वाटतो.

पण तिसरीही एक बाजू आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. 'पडीक' हा शब्द. १९८५ साली केंद्रात राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झालं. हेतू चांगला होता, झाडं लावायची, सरपण-वैरण वाढवायची. पण गवताळ रान हे स्वतःच एक पूर्ण, भरलेलं रान असतं हे त्या दृष्टीत बसत नव्हतं. झाड नाही म्हणजे काही नाही! मग टेकडीवर खड्डे खणायचे आणि ग्लिरिसिडिया किंवा असलंच काही लावायचं. जगलं तर सावलीखाली गवत मरतं, नाही जगलं तर खणल्यामुळे माती वाहून जाते. आणि त्याच सुमारास, नव्वदच्या दशकात, सोयाबीन आलं. आमचा जिल्हा आता सोयाबीनचा. बैलांच्या जागी ट्रॅक्टर, ज्वारी गेली म्हणून कडबा गेला, छपराच्या जागी टिन आलं. गवताचा गिऱ्हाईकच उरला नाही. ज्याची कुणाला गरज नाही त्याचं नाव पोरांना कोण शिकवणार?

तरी काही लोकांना ही नावं येतात. अकोला-वाशीम भागातल्या फासेपारधी वस्त्यांवर म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. पवन्या, शेडा, मारवेल, कुसळी, कुंदा, तिखाडी... कोणतं कुठे उगवतं, कोणत्यात तित्तर बसतो, कोणत्यात ससा, सगळं बोटांवर. ज्या १८७१ साली याकोबसेननं जिरॅनिऑल वेगळा काढला त्याच साली हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. तो आधी उत्तरेत लागू झाला, मग पसरत गेला आणि पारध्यांवरही तो शिक्का बसला. कायद्यातून मुक्ती मिळाली ती १९५२ साली. माणसाला जन्मतःच चुकीचं नाव चिकटवायचं आणि ऐंशी वर्षं ते पुसायचं नाही, याच्यापुढे गवताच्या नावांचे घोळ म्हणजे किरकोळच. कारंज्याच्या 'संवेदना' संस्थेबरोबर यातल्या काही वस्त्यांनी गावाजवळची गवताळ रानं राखायचं काम हाती घेतलं आहे. शिकारीसाठी ओळखलं जाणारं कुटुंब त्याच रानाची राखण करतं हे मी पाहिलं आहे.

त्या राखणीमागचं एक मोठं कारण आहे तणमोर. नावातच तण आहे. कोंबडीएवढा हा पक्षी पावसाळ्यात आमच्या भागात विणीला येतो. नर गवतातून उंच उड्या मारतो, दिवसातून शेकडो वेळा, मादीनं बघावं म्हणून. २०२१ पासून जागतिक यादीत तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला आहे. कारंजा-सोहोळचं अभयारण्य, २००० साली काळविटांसाठी जाहीर झालेलं, साधारण अठरा चौरस किलोमीटरचं, हेही गवताळच रान. आमच्या जिल्ह्यात गवतासाठी राखलेली एवढी सलग जागा मला दुसरी माहीत नाही.

तणमोर तिखाडीत मात्र बसत नाही. फार उंच आणि दाट तिखाडीत त्याला आजूबाजूचं दिसत नाही. त्याला शेडा-पवन्यासारखं मध्यम उंचीचं गवत लागतं. एका पारध्यानं मला हे सांगितलं आणि वर एक गोष्ट शिकवली, जी मला कुठल्याच पुस्तकात इतक्या नेमकेपणानं मिळाली नव्हती. टेकडी वाचायची गोष्ट. गुरांना आवडणारं गवत, म्हणजे मारवेल, पवन्या, शेडा, जिथे मुबलक आहे ती टेकडी राखलेली. जिथे कुसळी जास्त दिसते तिथे चराई वाढली आहे, आगही लागत असावी. आणि जिथे तिखाडीच तिखाडी उभी आहे, तिथे गुरांनी बाकी सगळं खाऊन संपवलं आणि हे एक तेवढं सोडलं. त्याच्याखाली फक्त मुरूम राहतो, तेव्हा समजायचं की आता टेकडी उघडी पडायला आली.

मी त्याला विचारलं, मग तिखाडी काढून टाकायची का? तो म्हणाला, "नाई नाई. तेच त माती धरून हाय." त्याच्या वस्तीच्या राखणीतल्या रानात पहिली दोन वर्षं गुरं बंद ठेवली होती, आणि कापणी बी गळून पडल्यावरच करायची असा नियम होता. तिसऱ्या पावसाळ्यात तिखाडीच्या थोंबांच्या मधल्या जागेत, त्यांच्याच आडोशानं थांबलेल्या मातीत, पवन्या उगवला. तो मला हात धरून दाखवायला घेऊन गेला. वरून काही दिसत नव्हतं. तिखाडी दोन्ही हातांनी बाजूला केली तेव्हा बुडाशी दिसला, वीतभर, हिरवागार.